डच खेड्यांचे झेंडे मुंबईत शिवताना: वर्णन वाचण्यापासून दोरी ओवण्यापर्यंत

नेदरलँड्समध्ये आज ३४२ पालिका आहेत. शहरी पालिका वेगळी आणि ग्रामीण वेगळी असा भेद तिथे कायद्यात नाही. काही गावं, मधली शेतं, कालवे आणि बांध मिळून एक पालिका होते आणि तिला स्वतःची ढाल (ढालीच्या आकारातलं अधिकृत चिन्ह) आणि स्वतःचा झेंडा असतो. हातशिलाईने किंवा घरच्या मशीनवर झेंडे शिवायला शिकायचं असेल तर या ग्रामीण पालिकांपासूनच सुरुवात करावी. पट्टे, चौकटी, एखादा मासा, एखादा पक्षी एवढाच मामला असतो. बारीक अक्षरं नाहीत, नक्षीने गच्च भरलेली मुद्रा नाही, आणि चूक झाली तर ती लगेच दिसते.

एक नियम सुरुवातीलाच पक्का करा: चित्र बघून शिवू नका, वर्णन वाचून शिवा. या झेंड्यांचं आणि ढालींचं अधिकृत रूप म्हणजे शब्दांत लिहिलेलं वर्णन. चित्र हे त्या वर्णनाचं एक रूप, आणि इंटरनेटवर फिरणारं चित्र तर बरेचदा चुकलेलं. कुठे रंग उतरलेले, कुठे झेंड्याचा फोटो मागच्या बाजूने काढलेला, कुठे कड कापली गेल्याने उंची-लांबीचं प्रमाणच बिघडलेलं. वर्णन हाताशी असलं की मंगळदास मार्केटात मिळेल त्या कापडातूनही झेंडा अचूक होतो, कारण वर्णनात नेमकी छटा नसते, रंगाचं नाव असतं.

ढाल कोण ठरवतं, झेंडा कोण ठरवतं

ढाल राजाज्ञेने मिळते. त्यासाठी सल्ला देते आणि नोंद ठेवते ती हेगमधली होखे राट फान आडेल ही १८१४ साली स्थापन झालेली संस्था. तिच्या नोंदी इंटरनेटवर खुल्या आहेत, आणि पालिकेचं नाव टाकलं की वर्णन आणि चित्र दोन्ही मिळतं. झेंडा मात्र पालिकेची सभा स्वतः मंजूर करते. तिथे संस्थेची भूमिका सल्ल्यापुरती. म्हणून एकाच पालिकेची ढाल जुन्या वळणाची आणि झेंडा अगदी साधा, असं पुष्कळदा दिसेल. बहुतेक ग्रामीण पालिकांचे झेंडे दुसऱ्या महायुद्धानंतरचे आहेत.

कोणत्या सालचा झेंडा हवा ते आधी ठरवा. १९०० मध्ये ११२१ पालिका होत्या, त्यांच्या विलीनीकरणातून आजच्या ३४२ उरल्या. ड्रेन्थ प्रांतात १९९८ च्या एका फेररचनेत ३४ च्या १२ झाल्या. पालिका विलीन झाली की तिची ढाल आणि झेंडा अधिकृत राहत नाहीत. गाव मात्र तो झेंडा पुढेही आवडीने लावतं. जुने आणि आजचे, दोन्ही शिवण्यासारखे आहेत, पण प्रदर्शनात मांडताना खाली साल लिहा, नाहीतर जाणकार पहिला प्रश्न तोच विचारेल.

वर्णनातले शब्द

रंगांची सात नावं पाठ करा. खाउट म्हणजे सोनेरी, झिल्व्हर म्हणजे चंदेरी, केल लाल, लाझ्यूर किंवा आझ्यूर निळा, सिनोपेल हिरवा, साबेल काळा, पुर्पर जांभळा. ही ढालीची भाषा. झेंड्याच्या वर्णनात बहुधा साधे शब्द येतात: पिवळा, पांढरा, लाल. ढालीवरचं सोनं झेंड्यावर पिवळं होतं आणि चांदी पांढरी. भुलेश्वरच्या दुकानात जरीचं आणि टिशूचं कापड बघून मोह होईल, पण झेंड्यावर चमकीचं कापड लावू नका. दहा पावलांवरून जरी राखाडी किंवा तपकिरी दिसते आणि आकृती पार्श्वभूमीत विरून जाते.

आणखी चार शब्द लागतात. डोअरस्नेडन म्हणजे आडवी रेघ मारून दोन भाग, खडेल्ट म्हणजे उभी रेघ मारून, खफीरन्डेल्ट म्हणजे चार भाग, खोल्व्हन्ट म्हणजे नागमोडी. डच ‘ग’ घशातून खरखरीत येतो, म्हणून इथे ‘ख’ लिहिला आहे.

सगळ्यात जास्त घोटाळा उजव्या-डाव्याचा होतो. ढालीची उजवी-डावी बाजू ढाल धरणाऱ्याच्या अंगाने मोजतात. वर्णनात ‘उजवीकडे’ लिहिलं असेल तर ती बघणाऱ्याची डावी बाजू. ढालीवरचा प्राणी वेगळं काही लिहिलेलं नसेल तर त्याच उजवीकडे, म्हणजे आपल्या डावीकडे तोंड करून असतो. झेंड्यावर तो काठीकडे बघतो, आणि मागच्या बाजूनेही काठीकडेच बघायला हवा.

वर्णन वाचल्यावर जर निळ्या ढालीवर सोनेरी झाड, सोनेरी संत, सोनेरी मासा असं निघालं तर चुकलं असं समजू नका. १८१४ नंतर संस्थेने पालिकांकडून ढालींची माहिती मागवली तेव्हा अनेक खेड्यांकडे फक्त जुना शिक्का होता, आणि लाखेवर किंवा मेणावर उमटलेल्या शिक्क्याला रंग कुठून असणार? ज्यांनी रंग कळवले नाहीत त्यांना सरसकट राज्याचे रंग मिळाले: निळ्यावर सोनेरी. काही पालिकांनी पुढे ते बदलून घेतले, काहींनी तसेच ठेवले. झाड हिरवंच असतं म्हणून ते हिरव्या कापडात कापलंत, तर ती वेगळीच ढाल झाली.

पहिला झेंडा: टेर्सखेलिंग

उत्तर समुद्राच्या काठावरच्या, वस्ती असलेल्या पाच डच वाडन बेटांपैकी टेर्सखेलिंग हे एक, आणि ते बेट म्हणजे एक पालिका. झेंड्यावर पाच आडवे पट्टे, वरून खाली: लाल, निळा, पिवळा, हिरवा, पांढरा. बेटावरच्या लोकांचं त्यावर एक पद्य आहे. त्यात लाल ढग, निळं आकाश, पिवळी पाती, हिरवं गवत आणि पांढरी वाळू येते. क्रम लक्षात ठेवायला याहून सोपी युक्ती नाही: वरून खाली नजर न्या, आकाशापासून किनाऱ्यापर्यंत.

डच झेंड्यांचं नेहमीचं प्रमाण दोनास तीन. मुंबईच्या घराच्या खिडकीला किंवा भिंतीला ६० बाय ९० सेंटीमीटर पुरतं. मग प्रत्येक पट्टा १२ सेंटीमीटर उंच.

कापड: भिंतीसाठी सुती पॉपलिन, बाहेर लावायचा असेल तर पॉलिएस्टर टाफेटा. पॉपलिन शिवायला सोपं, घसरत नाही. पण मुंबईच्या पावसाळ्यात ते दिवसभर ओलं राहतं आणि पांढऱ्या पट्ट्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात, जे मग निघत नाहीत. टाफेटा पटकन वाळतं, वाऱ्यावर नीट उडतं, मात्र कापताना त्याच्या कडा सुटतात. सॅटिन टाळा, एका बाजूने चमकतं, दुसऱ्या बाजूने मळकट दिसतं, आणि झेंडा तर दोन्ही बाजूंनी बघायचा असतो.

४४ इंच पन्ह्याच्या कापडातून पट्टे आडव्या धाग्यात कापले तर प्रत्येक रंगाचं पाव मीटर पुरतं. मंगळदासमध्ये घाऊक गाळ्यावर पाव मीटर मागू नका. तिथे किरकोळ देणारे गाळे वेगळे असतात, किंवा दादरला हिंदमाताला जा. पाचही पट्टे एकाच दिशेने कापायचे हे पक्कं. एक पट्टा उभ्या धाग्यात आणि दुसरा आडव्या धाग्यात गेला की एक ताणतो, दुसरा ताणत नाही, आणि शिवण लाटेसारखी उठते.

रंग ट्यूबलाइटखाली ठरवू नका, कापडं दुकानाबाहेर उजेडात एकमेकांना लावून बघा. पिवळा लेमन नको, हळदी घ्या. लेमन पिवळा उन्हात पांढऱ्याच्या जवळ जातो. निळा नेव्हीही नको आणि आकाशीही नको, मधला कोबाल्ट किंवा रॉयल ब्लू. लाल मरून नको. केशरीकडे झुकणारा लाल तर मुळीच नको, कारण तिकडे केशरी हा राजघराण्याचा रंग आहे आणि जाणकाराची नजर तिथेच अडते.

पॉपलिन असेल तर कापण्याआधी प्रत्येक रंग वेगळा भिजवा, वाळवा, इस्त्री करा. लालची परीक्षा आधी घ्या: ओल्या पांढऱ्या चिंधीने घासा. चिंधीवर रंग आला तर तो कपडा परत करा किंवा दुसऱ्या कामाला वापरा. मिठाच्या पाण्याने तो कायमचा पक्का होईल या भरवशावर राहू नका; पहिल्याच पावसात लाल निळ्यावर आणि पुढे पिवळ्यावर उतरेल.

आता मापं. मधले तीन पट्टे (निळा, पिवळा, हिरवा) १५ सेंटीमीटर उंच कापायचे: १२ तयार आणि वर-खाली दीड दीड शिवणीचे. वरचा लाल आणि खालचा पांढरा १५.५ सेंटीमीटर: १२ तयार, एका बाजूला दीड शिवणीचे, दुसऱ्या बाजूला २ कडेच्या दुमडीचे. सगळ्यांची लांबी ९५.५: तयार ९०, काठीकडे दीड, आणि मोकळ्या टोकाला दोनदा दुमडायला ४.

काठीकडच्या पट्टीला दोसुती किंवा पातळ कॅनव्हास, ११ बाय ६४ सेंटीमीटर. दुमडून ती ४ सेंटीमीटरची होते. ही पट्टी ९० च्या बाहेर. लांबीत तिला धरलं तर झेंडा आखूड होतो, आणि चित्र बघून शिवणारे तिलाच उभा पांढरा पट्टा समजून झेंड्यात घेतात, ही तर नेहमीची चूक.

शिवण

पॉपलिनला १४ नंबरची सुई, टाफेटाला ११ ची. दोरा पॉलिएस्टरचा, सुती दोरा उन्हापावसात आधी कुजतो आणि कापड शाबूत असताना शिवण सुटते. इंचाला नऊ-दहा टाके. टाफेटावर टाका यापेक्षा बारीक केला तर सुईच्या भोकांची रांग फाटण्याची रेघ बनते.

मशीनच्या पत्र्यावर सुईपासून दीड सेंटीमीटरवर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिच्या बाजूने सरकवा. ही तसदी घ्याच. प्रत्येक शिवण फक्त २ मिलिमीटर आत गेली तरी चार शिवणींत मिळून १.६ सेंटीमीटर जातात, आणि तेही सारखे जात नाहीत: मधले पट्टे ४ मिलिमीटरने बारीक होतात, कडेचे दोनच मिलिमीटरने. पट्टे असमान दिसतात आणि चूक कापण्यात झाली असं वाटत राहतं.

शिवणी जीन्सच्या पायाला असतात तशा, आतली कड गुंडाळून दोनदा मारलेल्या. दोन पट्टे सुलट्या बाजू आत करून, दर १० सेंटीमीटरला टाचणी लावून शिवा. उलगडा. दोन्ही मार्जिना गडद रंगाच्या बाजूला वळवून इस्त्री करा. गडद रंगाची मार्जिन कापून ६ मिलिमीटर ठेवा, फिक्या रंगाची तिच्यावरून दुमडून खाली खोचा आणि कडेने शिवा. हिरवा-पांढरा जोडताना हे विसरलात आणि मार्जिन पांढऱ्याखाली गेली, तर उजेडाकडे धरल्यावर पांढऱ्यातून हिरवी रेघ दिसते. ती पुसता येत नाही, उसवावीच लागते. वरची शिलाई ज्या रंगावर पडते त्याच रंगाच्या दोऱ्याने.

पहिली शिवण डावीकडून उजवीकडे मारली असेल तर पुढची उजवीकडून डावीकडे. सगळ्या एकाच बाजूने मारल्या तर मशीनचे दात खालचं कापड जास्त ओढतात आणि झेंडा धनुष्यासारखा वाकतो.

चार शिवणी झाल्यावर मोजा: कच्ची उंची ६४ यायला हवी. आली की वर-खाली एक एक सेंटीमीटर दोनदा दुमडून कड शिवा. मोकळ्या टोकाला २ सेंटीमीटरची दुमड दोनदा, आणि तिच्यावर समांतर तीन शिलाया. झेंडा फाटायला सुरुवात होते ती याच टोकाच्या दोन कोपऱ्यांतून, म्हणून बाहेर लावायचा असेल तर दोन्ही कोपऱ्यांना त्याच रंगाच्या कापडाचा ५ सेंटीमीटरचा त्रिकोण मागून जोडा.

शेवटी दोसुतीची पट्टी. तिची दोन्ही टोकं दोन दोन सेंटीमीटर आत घ्या, लांब कडाही दीड दीड आत दुमडा, पट्टी मधोमध दुमडा, झेंड्याची कच्ची कड तिच्या पोटात दीड सेंटीमीटर सरकवा आणि दोन शिलाया मारा. आत ५ मिलिमीटरची नायलॉनची दोरी ओवा. वर फासा, खाली मोकळं टोक, ही डच पद्धत. दोरी वर आणि खाली पट्टीला हाताने घट्ट टाचा, नाहीतर झेंडा दोरीवरून घसरून गोळा होतो. सुती दोरी पावसात आटते आणि काठीकडची बाजू चुणून घेते. आयलेट (दोरी ओवायच्या भोकाची धातूची कडी) लावणार असाल तर पितळी. लोखंडी आयलेट समुद्राच्या हवेत एका पावसाळ्यात गंजून पांढऱ्या पट्टीवर तांबडे ओघळ सोडतात.

पुढचे

टेक्सेल बेटाचा झेंडा याहून सोपा: वर हिरवा, खाली काळा, दोन सारखे भाग. ढालशास्त्राचा एक नियम आहे की गडद रंगाची आकृती गडद रंगावर ठेवू नये, सोनं चांदीवर ठेवू नये. टेक्सेल बघून तो मोडला असं वाटेल, पण नियम पृष्ठभागावरच्या आकृतीसाठी आहे, शेजारच्या पट्ट्यांसाठी नाही. तरीही तो तपासणीला उपयोगी: पांढऱ्यावर पिवळी आकृती दिसली की वर्णन पुन्हा वाचा. हा झेंडा सावलीत मात्र एकसंध गडद दिसतो, म्हणून बॉटल ग्रीन न घेता त्याहून दोन छटा उजळ हिरवा घ्या.

चौकटींचा सराव नॉर्थ ब्राबांट प्रांताच्या झेंड्यावर करा. १९५९ पासूनचा, लाल-पांढऱ्या २४ चौकटी, चार ओळींत सहा-सहा, काठीकडचा वरचा कोपरा लाल. चौकटी सुट्या कापून जोडू नका. ६० बाय ९० साठी १७ सेंटीमीटर रुंदीच्या सहा लांब पट्ट्या, लाल-पांढरी आलटून पालटून, एक सेंटीमीटरच्या शिवणीने जोडा. तयार झालेल्या चादरीतून आडवे १७ सेंटीमीटरचे चार तुकडे कापा आणि दुसरा व चौथा फिरवून लावा. पट्टीची लांबी ७० सेंटीमीटर घेतली की पुरते. बाहेरच्या कडांना दुमडीसाठी एकच सेंटीमीटर उरतो, तेव्हा तिथे वेगळी पातळ पट्टी लावून कड बांधा.

फ्रीसलांड प्रांताचा झेंडा (१९५७) हौशी माणसं नेहमी चुकवतात. प्रमाण दोनास तीन नाही, नवास तेरा आहे. ५४ बाय ७८ सेंटीमीटर धरा. चार निळे आणि तीन पांढरे तिरपे पट्टे, आणि पांढऱ्यावर दोन-तीन-दोन अशी सात लाल पानं. ती पाण्यातल्या कमळवेलीची पानं आहेत, बदाम नाहीत. बदामाचा साचा वापरलात तर झेंडा शुभेच्छापत्रासारखा होतो. तिरपे पट्टे कापताना कापड तिरपं ताणतं, म्हणून कापण्याआधी स्टार्च करून कडक इस्त्री करा.

एक ढाल: उर्क

उर्क हे १९३९ पर्यंत बेट होतं, मग बांध घातला आणि ते मुख्य भूमीला जोडलं गेलं. मासेमारांचं गाव. ढाल: निळ्यावर चंदेरी हॅडॉक मासा. एवढंच, आणि म्हणूनच कठीण.

मुंबईकर चित्रकार समोर रावस किंवा सुरमई ठेवून मासा काढतो. हॅडॉकच्या पाठीवर तीन वेगळे पर असतात, पोटाखाली मागच्या बाजूला दोन; अंगावर काळी रेघ डोक्यापासून शेपटीपर्यंत, आणि कल्ल्यामागे खांद्यावर अंगठा उमटल्यासारखा काळा डाग. रावसाच्या पाठीवर दोनच पर. तो काढलात तर वर्णनातला मासा राहत नाही.

ढाल ३० सेंटीमीटर उंच, २५ रुंद घ्या. मासा आडवा, डोकं बघणाऱ्याच्या डावीकडे, लांबी किमान २० सेंटीमीटर. ढालीवरची आकृती जागा भरून असायला हवी. छोटा मासा मध्ये तरंगताना दिसला तर रचना फसली. पोस्टर कलरमध्ये आधी निळा सगळीकडे भरू नका. माशाची बाहेरची रेघ काढून आत पांढरा कागद तसाच सोडा, निळा भोवती भरा, मग खवले, पर आणि रेघ काळ्या बारीक ब्रशने. निळ्यावर पांढरा चढवला की तो निळसर उमटतो आणि तीन हातांनीही झाकत नाही. चंदेरी रंग वापरू नका. चांदी म्हणजे इथे पांढरा.

ढालीवर मुकुट फक्त वर्णनात लिहिला असेल तरच. डच पालिकांत बरेचदा ‘तीन पानं, दोन मोती’ असा मुकुट येतो: मधलं पान पूर्ण, कडेची दोन अर्धवट दिसणारी, मधल्या दोन जागांत एकेक मोती. मोती मोजून काढा. जास्त मोत्यांचा मुकुट वेगळ्या दर्जाचा असतो. ढाल कपांवर किंवा टीशर्टवर छापून विकायची असेल तर आधी त्या पालिकेला पत्र लिहून विचारा.

लावताना

सोसायटीच्या गच्चीवर १५ ऑगस्टला किंवा २६ जानेवारीला तिरंगा असतो. भारतीय ध्वजसंहितेनुसार तिरंग्याच्या वर दुसरा झेंडा लावता येत नाही, आणि संहितेने सांगितलेले अपवाद सोडले तर शेजारीही नाही. म्हणून त्या दिवशी खिडकीतला डच झेंडा उतरवून ठेवा. एरवी सूर्यास्ताला उतरवायचा. रात्री लोंबकळणारा झेंडा दव पिऊन जड होतो आणि सकाळच्या वाऱ्यात दोरीवर सगळा ताण येतो. ओला असेल तर घडी न घालता दांडीवर पसरा, पूर्ण वाळल्यावर गुंडाळा. घडीच्या रेघेवर टाफेटा आधी विरतं.